यूस्टिनाचे कोरडे पाय

मित्रांनो, चेहऱ्यावरून मला माणसाची ओळख पटत नाही. पाय दाखवा, लगेच सांगते. टाचेला भेगा किती, बूट कुठे चावतो, बाई दिवसभर उभी राबते की बसून असते, सगळे मला कळते. मी तांब्याची जुनी परात. काठ वीतभर उंच, दोन बाजूंना दोन कड्या, आणि तळाला एक डाग, तो अलीकडचा. शंभराहून जास्त वर्षे मी किरगिझ मुलखातल्या तलासच्या खोऱ्यात काढली. त्यातली बरीचशी वर्षे लिंडेनताल या जर्मन शेतकऱ्यांच्या गावची ख्रिस्ती मंडळी माझ्यात एकमेकांचे पाय धूत असे.

हे ऐकून तुम्हाला वाटेल की ही परात आता काहीतरी गोड सांगणार. तसे होणार नाही. मी वैतागलेली आहे, आणि का वैतागले तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म औलिये-अता शहराच्या तांबट गल्लीतला. उस्ता सुल्तानमुरात नावाच्या उझबेक कारागिराने मला घडवले. मला घ्यायला लिंडेनतालची एक जर्मन बाई आली होती.

"एवढी मोठी कशाला हवी?" उस्ताने विचारले. "जर्दाळू शिजवणार?"

"पाय धुवायला."

"तुमचे?"

"एकमेकांचे."

उस्ताने हातोडी खाली ठेवली. "आम्हीही नमाजाआधी पाय धुतो, बाई. पण आपले आपण. दुसऱ्याच्या पायाला हात लावायचा म्हणजे..." त्याने दुसरा पत्रा उचलला. मग म्हणाला, "पत्रा जाड घेतो. हे काम टिकायला पाहिजे."

पत्रा टिकला. माझ्याकडून काही कमी पडले नाही, एवढे मी छातीठोकपणे सांगते.

वर्षातून दोनदा माझी पाळी येई, ईस्टरच्या आधी आणि पिकांच्या सणाला. प्रभुभोजन झाले की आधी पुरुषांच्या खोलीत आणि मग ताजे पाणी घालून बायकांच्या खोलीत मला नेत. दोघी-दोघींची जोडी. एकीने गुडघे टेकून दुसरीचे पाय धुवायचे, पुसायचे, उठून तिच्या गालाला ओठ लावायचे, मग जागा बदलायची. येशूने शेवटच्या जेवणाला शिष्यांचे पाय धुतले, म्हणून ही रीत. धुतलेल्या पायांत, त्याला शत्रूंच्या हाती धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय होते. हे मंडळीला पाठ होते. दर वेळी कुणीतरी ते वाचून दाखवी आणि सगळे माना डोलवत.

त्या दिवसांत माझे लाड होत. आंबट ताक आणि राख घेऊन बायका मला घासत, मला उन्हात ठेवले की कोंबड्या बिचकत. वर्षभर रुसलेल्या दोन जावा माझ्यासमोर येऊन बसत, आणि पाण्यात हात घातला की दोघींच्या डोळ्यांना धार लागे. अशा वेळी मला वाटे, उस्ताने मला याचसाठी घडवले. माणसे चांगली असतात, फक्त त्यांना गुडघे टेकायला कुणीतरी लावले पाहिजे, असे मी तेव्हा मानत होते.

पुढे देवधर्म न मानणारे सरकार आले आणि प्रार्थनाघराला कुलूप लागले. तिथे धान्य साठवू लागले. मला रायमर कुटुंबाने घरी नेले. माझ्यात पीठ मळले गेले, मुरांबे शिजले, पोरे न्हाऊन निघाली. मग जर्मनीशी लढाई जुंपली आणि जर्मन म्हणून गावातल्या पुरुषांना उत्तरेच्या जंगलात लाकडे तोडायला नेले. यूस्टिना कोपचा नवरा त्यात गेला, तो परत आला नाही. कोर्नेलियस रायमर परत आला, पण छातीत कायमचा खोकला घेऊन. टोपीवाला अंमलदार दिसला की त्याच्या हातातला चमचा वाजू लागे.

वर्षे गेली, भीती थोडी ओसरली, आणि मंडळी पुन्हा घराघरांतून गोळा होऊ लागली. तीसेक माणसे असतील. उपदेश आब्राम ड्यूक करी. तो सुतार होता. बोलायला साधा, पण त्याचे म्हणणे पोटात उतरे. रविवारी सकाळी तो मुलांना बसवून बायबल शिकवी. मुलांना धर्म शिकवायला कायद्याने बंदी होती. पुस्तके तो पिठाच्या पेटीत, पिठाखाली लपवी.

१९६२ च्या शरद ऋतूत कोर्नेलियसला जिल्ह्याच्या कचेरीत बोलावणे आले. दुपारी तो परतला तेव्हा त्याचा रंग उडाला होता. त्याच्या बायकोने, ग्रेटाने, माझ्यात कढत पाणी ओतले, मूठभर मोहरीची पूड टाकली आणि त्याचे पाय त्यात बुडवले. ते पाय इतके थरथरत होते की पाणी काठाबाहेर जात होते.

"कोर्नेलियस, बोल ना. काय विचारलं त्यांनी?"

"मी सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"आब्राम मुलांना कधी बसवतो ते. पुस्तकं कुठं असतात ते. कागदावर सहीसुद्धा केली." त्याने तोंड झाकून घेतले. "तो अंमलदार म्हणाला, पुन्हा पाठवतो तुला लाकडं तोडायला. माझ्यानं नाही गं होणार पुन्हा. नाही होणार."

ग्रेटाने उठून दार लावले.

"आब्रामला तरी सावध करू या," तो म्हणाला.

"म्हणजे कचेरीतल्या लोकांना कळेल, कुणी सावध केलं ते. गप्प बस. हे या घराबाहेर जाता कामा नये. पाय गरम होऊ देत आधी."

मित्रांनो, त्या क्षणी मला त्याचा राग आला नव्हता. जंगलातून परतलेल्या माणसाचे पाय मी माझ्यात घेतले होते, ते कशाला घाबरतात हे मला ठाऊक होते. माणूस घाबरतो. घाबरण्याला माझी ना नाही. माझी तक्रार पुढच्या सात वर्षांबद्दल आहे.

रविवारी अंमलदार आब्रामच्या घरी आले. त्यांनी घर धुंडाळले नाही, पलंग उलटा केला नाही. सरळ पिठाच्या पेटीशी गेले. आब्रामला तीन वर्षांची शिक्षा झाली.

सरळ पेटीशी गेले, म्हणजे आतल्याच कुणीतरी सांगितले, हे शेंबड्या पोरालाही कळले असते. मग कोण, याची चर्चा दुकानापुढच्या रांगेत सुरू झाली. ग्रेटा रांगेतून घरी आली आणि माझ्यात बटाटे सोलता सोलता नवऱ्याला सगळे सांगू लागली.

"लेना फास्ट म्हणाली, कचेरीत रोज जातं कोण? फरशी पुसायला म्हणे! परवा त्या टोपीवाल्याशी दारात उभी राहून बोलत होती."

"कुणाबद्दल बोलतेस?"

"यूस्टिनाबद्दल. कोपची विधवा."

"मग? तू काय म्हणालीस?"

बटाट्याची साल बराच वेळ तुटली नाही, लांबच लांब होत गेली. "मी मीठ मागितलं," ग्रेटा म्हणाली.

यूस्टिना खरोखरच गावच्या कचेरीत फरशी पुसत होती. दुसरे काम तिला मिळाले नव्हते. घरात ती आणि तिची मुलगी एल्झा, दोघीच. एल्झाचे लग्न लेना फास्टच्या मुलाशी ठरले होते. आब्राम तुरुंगात गेल्यावर मंडळीचा पुढारी कोण झाला असेल? कोर्नेलियस रायमर! सगळ्यांत पापभीरू, सगळ्यांत कमी बोलणारा म्हणून त्यालाच निवडले. लेना त्याच्याकडे सल्ला मागायला आली. मी चुलीजवळ होते, प्रत्येक शब्द ऐकला.

"भाऊ, त्या घरची मुलगी आमच्या घरात आणावी की नको? तुम्ही सांगाल तसं."

कोर्नेलियस खोकला. खोकून झाल्यावर म्हणाला, "तुमच्या मनाला पटेल ते करा, बहीण."

हेच ते वाक्य. ऐकायला किती सभ्य! त्या एका वाक्याने लग्न मोडले. महिन्याभरात एल्झा करागांडाला कुठल्याशा कारखान्यात निघून गेली. जाताना तिने मंडळीच्या गाण्यांची आपली वही आईच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तुझ्या भावा-बहिणींना दे."

त्या वर्षी पिकांच्या सणाला मंडळी रायमरांच्याच घरी जमली. बायकांच्या खोलीत चौदा जणी होत्या. चौदांच्या सात जोड्या होतात. यूस्टिना बाकाच्या टोकाला बसली, तिने जाड लोकरी मोजे काढले, घडी करून शेजारी ठेवले आणि पाय जमिनीला जुळवून ती वाट पाहू लागली. थंडीने पाय निळे पडत होते. फरशीच्या पाण्याने बोटांमधली कातडी सोलली होती. एक जोडी झाली, दुसरी झाली. शेवटी तिघीजणी उरल्या, तर त्या तिघींनी मिळून उरकून घेतले. यूस्टिनाकडे कुणी पाहिले नाही. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते, पाणी अजून कोमट होते. मला चाके असती तर मी सरकत गेले असते. पण परातीला चाके नसतात.

यूस्टिनाने मोजे चढवले. मग मला दोन्ही कड्यांनी उचलून ती परसात आली आणि तिने माझ्यातले पाणी सफरचंदाच्या झाडाला घातले. कुंपणापलीकडे शेजारची किरगिझ बाई बूबूश लोकर वाळवत होती.

"काय गं, घरात एवढ्या बायका आणि पाणी उपसायला तूच?"

"पाय कोरडे राहिले," यूस्टिना म्हणाली. "म्हटलं, हात तरी ओले करावेत."

"तुमचं मला काही कळत नाही, बाई! वर्षातून दोनदा एकमेकींचे पाय धुता आणि उरलेलं वर्षभर एकमेकींचं नाक कापता. चल माझ्याकडे. पाय मी धुते, वर चहा पाजते, आणि माझा नवरा उपदेशही करत नाही. त्याला दातच नाहीत."

यूस्टिना हसली. हसता हसता तिने कुंपणाची काठी घट्ट धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

ती येतच राहिली. पुढच्या ईस्टरला आली, त्याच्या पुढच्या सणाला आली. दर वेळी मोजे काढी, दर वेळी चढवी. एकदा ग्रेटाने तिला दारात गाठून दबक्या आवाजात विचारले, "का येतेस गं? स्वतःला त्रास करून घेतेस."

"नाही आले तर तुम्ही म्हणाल, हिला हिचं पाप पटलं. म्हणून येते," यूस्टिना म्हणाली. "आणि गाणी चार आवाजांत आहेत. घरी एकटीनं म्हणायला गेले की तीन आवाज कमी पडतात."

ग्रेटा आत येऊन माझा काठ पुसू लागली. पुसलेलाच काठ पुन्हा पुसत राहिली. एवढ्यावर तिचा पश्चात्ताप संपला.

तीन वर्षांनी आब्राम परत आला. डाव्या पायाची तीन बोटे थंडीने गळून गेली होती. ईस्टरच्या आधीच्या पाय धुण्याला तो स्वतः उठला, बोटे नसलेल्या पायाने लंगडत गेला आणि कोर्नेलियसच्या समोर त्याने गुडघे टेकले. कोर्नेलियसचे पाय माझ्यात होते, आब्रामचे हातही. आब्राम इतक्या हळू बोलला की मला आणि कोर्नेलियसलाच ऐकू गेले.

"त्यांनी मला कागद दाखवला होता. तुझी सही मी ओळखतो. ते सगळं मी तिकडेच टाकून आलोय, भावा. तू माझा भाऊच आहेस."

कोर्नेलियस हुंदके देऊन रडला. बाकीच्या पुरुषांना वाटले, काय हे प्रेम! त्यांनीही डोळे पुसले. माझेही मन भरून आले, खोटे कशाला बोलू. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. पण घटकाभराने ताजे पाणी भरून मला पलीकडच्या खोलीत नेले, आणि तिथे यूस्टिनाचे पाय नेहमीप्रमाणे कोरडेच राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा त्या भल्या आब्रामचा राग आला.

कारण मंडळीने आब्रामला येताक्षणी सांगितले होते, तुला धरून दिले ते यूस्टिनाने. तो म्हणाला, "ती नव्हती." लोक म्हणाले, "मग कोण?" तो म्हणाला, "ते देवाला ठाऊक आहे." संपले! दुसऱ्याच दिवशी लेना फास्ट रायमरांच्या स्वयंपाकघरात म्हणत होती, "बघा आब्रामभाऊंचं मन केवढं! जिनं त्यांचा घात केला तिच्यावरसुद्धा पांघरूण घालतात." आब्राम जितके झाकी तितकी यूस्टिना काळी होत जाई. त्याने आपल्या वाट्याची क्षमा केली होती, आणि त्या क्षमेचा भार एक फरशी पुसणारी बाई वाहत होती.

हे आब्रामच्याही लक्षात आले, पण उशिरा. मग तो कोर्नेलियसच्या मागे लागला.

"तू मंडळीपुढे सांग. मी सांगितलं तर ती चहाडी होईल. तू सांगितलंस तर कबुली."

"सांगतो. गवत कापून होऊ दे."

गवत कापून झाले. मग मुलीचे लग्न आले. मग ग्रेटाला ताप आला. मग म्हणे, अंमलदार पुन्हा फिरू लागलेत, आत्ता नको. दर सणाला कोर्नेलियस पुढे उभा राहून प्रेमावर उपदेश करी आणि खरोखर मन लावून करी. दुसऱ्यांचे पाय तर तो इतक्या हळुवारपणे धुई की म्हाताऱ्यांना त्याच्याच हाताने धुवून घ्यायचे असत. तो ढोंगी होता असे तुम्ही म्हणाल. मला तसे म्हणता येत नाही, आणि त्यानेच माझा जास्त संताप होतो. त्याचे प्रेम खरे होते. फक्त जिथे त्याला काही सोसावे लागणार होते, तिथे ते प्रेम थांबत असे. मी अशी पुष्कळ माणसे पाहिली. बहुतेक सगळीच.

१९६८ मध्ये आब्राम छातीच्या दुखण्याने गेला. मरणाआधी त्याने यूस्टिनाला बोलावून घेतले होते. काय बोलला, ते मला कळले नाही. दफनाच्या वेळी ती सगळ्यांपासून दूर, पॉप्लरच्या झाडाखाली उभी होती, असे ग्रेटा सांगत होती. आता खरे ठाऊक असलेले तिघेच उरलो, असे मला वाटले. कोर्नेलियस, ग्रेटा आणि मी.

पुढच्या वर्षीचा पिकांचा सण. बायकांच्या खोलीत जोड्या लागू लागल्या. यूस्टिनाने या वेळी मोजे काढले नाहीत. ती उठली, तिने मला खोलीच्या मधून उचलले आणि ग्रेटाच्या पुढ्यात नेऊन ठेवले.

"बस, ग्रेटा."

"यूस्टिना, अगं, मी लेनाबरोबर..."

"माझे पाय कुणी धूत नाही, ते राहू दे. पण तुझे धुवायला मला कुणी मनाई केलेली नाही. बस."

ग्रेटा बसली. तिचे पाय सुजलेले होते, घोटा दिसतच नव्हता. यूस्टिनाने तिचा उजवा पाय उचलून पाण्यात ठेवला आणि ओंजळीने वर पाणी घातले. एकदाच. ग्रेटाने पाय असा मागे ओढला की अर्धे पाणी जमिनीवर सांडले.

"नको! नको गं धुवू! तू नको!" ती किंचाळलीच. "आम्हीच केलं ते. कोर्नेलियसनं सांगितलं त्यांना, पिठाच्या पेटीचं. पहिल्या दिवसापासून मला ठाऊक आहे. याच परातीत त्याचे पाय शेकत होते मी. तू नव्हतीस. तू कधीच नव्हतीस!"

आवाज ऐकून पुरुष दारात आले. पुढे कोर्नेलियस होता.

"खरं आहे का, भाऊ?" कुणीतरी विचारले.

कोर्नेलियसने चौकटीला हात टेकला. "हो," तो म्हणाला.

आता तरी काही घडेल, असे मला वाटले. घडले ते असे. एका म्हाताऱ्या भावाने हात वर केले आणि गहिवरल्या आवाजात म्हणाला, "भावांनो, बहिणींनो, आज आपल्यावर मोठी कृपा झाली. अंधारातलं उजेडात आलं. चला, गुडघे टेकू या, मग ते क्षमेचं गाणं म्हणू." आणि बायका गुडघे टेकू लागल्यासुद्धा! स्वयंपाकघरात एकावर एक गोळा बसवून भाजलेले जोडपाव आणि सुक्या फळांचे सार तयार होते, त्याचा वास येत होता.

"थांबा," यूस्टिना म्हणाली. तिने आपले हात कमरेला बांधलेल्या फडक्याला पुसले. "सात वर्षांचं तुम्ही जेवणाआधी मिटवणार?"

"यूस्टिना, क्षमा कर," लेना फास्ट म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "प्रभूनं सांगितलंय क्षमा करायला."

"मला सांगितलंय क्षमा करायला. तुम्हाला घाई करायला नाही सांगितलं." यूस्टिनाचा आवाज चढला नव्हता. "माझी एल्झा करागांडाला आहे. मी चार पत्रं लिहिली की ती एक लिहिते, आणि त्यात देवाचं नाव नसतं. तिला कोण काय सांगणार आहे, ते आधी ठरवा. गाणं नंतर म्हणा."

ती शाल घेऊन निघून गेली. तिच्या मागे कुणी गाणे म्हटले नाही. सारही तसेच गार झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोर्नेलियसने मला काखेत धरले आणि तो ग्रेटाला घेऊन यूस्टिनाच्या फाटकाशी गेला. यूस्टिना बीट उपटत होती. उठली नाही.

"ग्रेटा तुझे पाय धुवेल," तो म्हणाला. "आणि चालत असेल तर मी धुतो. रीत नाही पुरुषानं धुवायची. पण तू म्हणशील तर..."

"इथं काय काम तुमचं?" यूस्टिनाने मातीचा गोळा झटकला. "बातमी दुकानापुढच्या रांगेतून निघाली होती. रांग अजून तिथंच असते."

तो तसाच दुकानाकडे गेला. रांगेत शेवटी उभा राहिला. पुढे गेला नाही, आपला नंबर येईपर्यंत मला छातीशी धरून थांबला. त्याचे हृदय माझ्या पत्र्यावर हातोडीसारखे आपटत होते. नंबर आल्यावर तो वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला, जर्मनमध्ये, मग रशियनमध्ये, आणि बूबूशला पाहून मोडक्यातोडक्या किरगिझमध्येही. कुणाचे नाव त्याने सांगितले, कुठे सही केली, कुणावर आळ येऊ दिला. कचेरीतल्या मोठ्या साहेबाची बायको रांगेत होती. कचेरीत बोललेले असे चव्हाट्यावर सांगणे म्हणजे शिक्षेला आमंत्रण, हे त्या काळी सगळ्यांना ठाऊक होते.

बूबूश म्हणाली, "सात वर्षं लागली होय रे, एवढीशी गोष्ट बोलायला?"

"हो, बाई," तो म्हणाला.

आठवड्याने त्याला बोलावणे आले. कोठारावरचे काम गेले, गोठा साफ करायला लावले. जंगलात मात्र पाठवले नाही. ज्या भीतीपायी त्याने एवढे सगळे होऊ दिले, ती गोष्ट घडलीच नाही. मंडळीचे पुढारीपणही त्याने सोडले. एल्झाला त्याने पत्र लिहिले. तिचे उत्तर आले, एकच ओळ: "हे माझ्या आईला सात वर्षांपूर्वी सांगायचे होते." ती परत आली नाही. लेनाच्या मुलाचे लग्न केव्हाच दुसरीकडे झाले होते.

ईस्टरला यूस्टिना आली. बाकाच्या टोकाला बसली आणि तिने मोजे काढले. ग्रेटा उठली, लेनाही उठली. दोघी एकाच वेळी माझ्या कड्यांना झोंबल्या.

"एकेक पाय घ्या," यूस्टिना म्हणाली, "भांडू नका."

तर अशा रीतीने ते पाय माझ्यात आले. जड होते, कडक होते, टाचा दगडासारख्या. लेनाने एकेक बोट वेगळे करून धुतले. पाय पुसून झाल्यावर ग्रेटाने वर पाहिले. "केलीस ना गं क्षमा?"

"रोज सकाळी करते," यूस्टिना म्हणाली. "दुपारपर्यंत टिकते. मग पुन्हा करावी लागते."

या मंडळीत मी जेवढे उपदेश ऐकले, त्यातला हा एकच मला पुरता पटला.

पुढे यूस्टिना वारली. सीमा उघडल्या तशी गावातली जर्मन कुटुंबे एकेक करून जर्मनीला निघून गेली. मी जड, म्हणून मला कुणी नेले नाही. बूबूशच्या सुनेने मला आपल्या घरी आणले. माझी कल्हई उडाली आहे. आता माझ्यात लोकर भिजते, कधी बटाटे असतात, कधी मांजर झोपते. त्याचे मला दुःख नाही. लोकर खोटे बोलत नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी जर्मनीहून पाहुणे आले, लेना फास्टची नातवंडे. त्यांनी मला उन्हात ठेवले, फोटो काढले. एक मुलगी सगळ्यांना सांगत होती, "आपली आजी आणि तिच्या मैत्रिणी यात एकमेकींचे पाय धुवायच्या. किती प्रेम होतं त्यांच्यात!" सगळ्यांनी माना डोलावल्या. यूस्टिनाचे नाव कुणी घेतले नाही, कारण ते त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. मी तिथे उन्हात तापत पडले होते. काय करणार?

मित्रांनो, मला घासून चकचकीत करा, कल्हई लावा, असे मी म्हणणार नाही. माझे काय, मी तांबे आहे, टिकेन. पण तुमच्यातही कुणीतरी बाकाच्या टोकाला बसलेले असेल, आणि ते तिथे का बसले आहे हे तुमच्यापैकी एखाद्याला पक्के ठाऊक असेल. तुम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करत असाल, त्याची कीव करत असाल. ते पुरे करा आणि उठा. गवत कापून होण्याची वाट पाहू नका. मी सात वर्षे सगळे जाणून गप्प राहिले, कारण मला तोंड नव्हते.

तुम्हाला तर आहे ना?